गड्डा झाल्यावर निघू

या महिन्यात आलेल्या पत्रांत घर बदलण्याचीच चार निघाली. दिवाळीला नव्या इमारतींचे ताबे मिळतात, त्याचा परिणाम असावा. गंमत अशी की लांब कोणीच चाललेलं नाही. कोणी उत्तर कसब्यातून जुळे सोलापुरात, कोणी साखर पेठेतून कुंभारीत, कोणी दोन गल्ल्या सोडून पलीकडे. तरी पत्रं मात्र परदेशी निघाल्यासारखी लांबलचक. पहिलं जवळजवळ पूर्ण छापते आहे, कारण त्यातल्या बाईनं जे कबूल केलंय ते बाकीच्यांनी ओळींच्या मधे लपवलंय.

प्रश्न : काकू, नमस्कार. आम्ही उत्तर कसब्यात सासऱ्यांच्या वाड्यात राहतो. सासरे आता नाहीत. तीन भाऊ, तीन चुली, एक नळ. यंदा आम्ही जुळे सोलापुरात दोन बेडरूमचा फ्लॅट घेतला. तिसरा मजला, लिफ्ट आहे. ताबा मिळाला, बँकेचा हप्ताही सुरू झाला. मिस्टर म्हणतात, नाताळच्या सुट्टीत निघू. सासूबाई ७१ वर्षांच्या आहेत. त्या म्हणतात, "तुम्ही जावा, मी हितंच." फार आग्रह केला की, "गड्डा होऊ द्या, मग बघू." म्हणजे जानेवारीतली सिद्धेश्वराची यात्रा होऊ द्या. मिस्टरांनी बेत केलाय की आठ दिवस राहायला चला म्हणून त्यांना न्यायचं आणि मागून त्यांचं सामान हळूहळू हलवायचं. मुलगी आठवीत, मुलगा तिसरीत, दोघांच्या शाळा इकडेच आहेत. आणि काकू, खरं सांगते, मला जायचंय. सतरा वर्षांत पहिल्यांदा माझं स्वतःचं स्वयंपाकघर असणार. त्याचा आनंद होतो आणि सासूबाईंकडं बघितलं की चोरी केल्यासारखं वाटतं. काय करू?
— एक वाचक, उत्तर कसबा

उत्तर : तुला अगं-तुगं करते, रागावू नकोस. पोरीच्या वयाची आहेस.

आधी चोरीचं मिटवू. सतरा वर्षं एका नळावर तीन घरांची भांडी बघितलेल्या बाईला स्वतःच्या ओट्याचा आनंद नाही होणार तर कोणाला? तो होऊ दे. फक्त सासूबाईंच्या देखत टाइल्सचं कौतुक जरा कमी कर. तुझ्या मापाचा ओटा म्हणजे त्यांच्या हातातून सुटलेली चूल, हे तुला कळतंय, म्हणून तर पत्र लिहिलंस.

आता तुझ्या मिस्टरांचा बेत. तो आज रात्रीच मोडून काढ. "आठ दिवस राहायला चला" म्हणून म्हाताऱ्या माणसाला नेणं ही फसवणूक आहे, आणि मी हे ऐकीव सांगत नाही. मी स्वतः त्यात सामील होते.

१९९४ साली आम्ही मंगळवार पेठेतून जुळे सोलापुरात आलो. हद्दवाढ होऊन दोन वर्षं झाली होती. आजूबाजूला नुसती काळी माती, पावसाळ्यात चप्पल हातात घेऊन घरी यायचं. माझ्या सासूबाईंना आम्ही असंच आणलं. "चार दिवस चला, हवा चांगली आहे." त्या एक कापडी पिशवी घेऊन आल्या. दोन लुगडी, जपमाळ, मिश्रीची डबी. चार दिवस झाले, आठ झाले. मग एका रविवारी दीर टेम्पोतून त्यांची लोखंडी पेटी घेऊन आले. पेटी जिन्यावरून वर आली आणि त्यांना सगळं कळलं. भांडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं, मीही दोन शब्द बोलले असते आणि मोकळी झाले असते. त्यांनी ती पिशवी खुंटीला अडकवली, ती तीन महिने तिथंच. आंघोळ झाली की पिशवीतून लुगडं काढायचं, वाळलेलं घडी घालून परत पिशवीत. मी त्यांच्यासाठी कपाटाचा एक अख्खा कप्पा रिकामा ठेवला होता, वर्तमानपत्र अंथरून. त्याला हात लावला नाही. कोणी विचारलं तर म्हणायच्या, "मी पाव्हणी हाय."

मंगळवार पेठ काही कोसावर नव्हती. रिक्षात बसवून आठवड्याला नेता आलं असतं. नेलं का? नाही. शाळा, वह्या, पोरांची आजारपणं, आणि मुख्य म्हणजे, जवळच तर आहे, कधीही जाऊ. त्या "कधीही"त तीन महिने गेले.

त्यातून एक गोष्ट मात्र शिकले. पुण्याला बदली झाली तर गल्ली ओटी भरते, डबे बांधून देते, एखादी रडतेसुद्धा. जुळे सोलापूरला निघालेल्या माणसाला सगळे म्हणतात, "हितंच तर हाय की." मग निरोपच होत नाही. जाणारा अर्धा इकडे, अर्धा तिकडे. किराणा जुन्या दुकानातून, डॉक्टर जुना, चक्की जुनी, आणि नव्या इमारतीत शेजारच्या दारावरची पाटीसुद्धा वाचलेली नाही. वर्ष जातं अशानं. नाव जुळे सोलापूर खरं, पण ते आपोआप जुळत नाही. म्हणून माझं म्हणणं, सहा किलोमीटरवर जायचं असलं तरी सहाशे किलोमीटरवर निघाल्यासारखं रीतसर निघा.

आणि ती रीत तुझ्या सासूबाईंनी तुला सांगितलीच आहे. तुला वाटतंय त्या टाळतायत. "गड्डा होऊ द्या" ही टाळाटाळ नाही गं, ती तारीख आहे.

उत्तर कसब्यातल्या बाईला गड्डा म्हणजे होम मैदानावरचे पाळणे आणि भेळ नव्हे. ते तुझ्या पोरांसाठी. मानाच्या सात काठ्या, म्हणजे नंदीध्वज, निघतात तेच तुमच्या कसब्यातून. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं नंदीध्वज पेलत, तोल सांभाळत निघाली, "एकदा भक्तलिंग हर बोला हर" चा गजर सुरू झाला, की ती बाई दारात घागर घेऊन उभी असते, त्यांच्या पायांवर पाणी घालायला. पहिल्या दिवशी सिद्धरामेश्वरांनी स्थापलेल्या ६८ लिंगांना तैलाभिषेक, दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता, मग होम, मग शोभेचं दारूकाम. सिद्धेश्वराच्या योगदंडाशी कुंभारकन्येचं लग्न लागतं ते हे. तुझ्या सासूबाई त्या लग्नात पन्नास वर्षं घरच्या म्हणून उभ्या राहिल्यात. डिसेंबरात नेलंत तर जानेवारीत त्या आपल्याच गल्लीत पाहुण्या होऊन येणार. एकदा, शेवटचं, घरच्या म्हणून दारात उभं राहू द्या त्यांना. पुढच्या वर्षी दीर-जावांच्या दारात उभ्या राहतीलच, पण ते पुढच्या वर्षी.

हप्ता सुरू झालाय, रिकाम्या घराचे पैसे जातायत, असं मिस्टर म्हणतील. एका महिन्याचा हप्ता जाईल. जाऊ दे. शिवाय पौष आहे, वास्तुशांतीला स्वामी असोत की गुरुजी, पौषातली तारीख कोणी आनंदानं देत नाही. गड्डा उरकेपर्यंत पौष सरत येतो. माघात निघा.

तेवढ्यात एक काम होतं. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालतंच. एक वाड्यात कर, निघण्याआधी, आणि सगळ्यांना स्पष्ट सांग की हे निरोपाचं आहे. दुसरं नव्या इमारतीत, सामान लागलेलं नसलं तरी. सतरंजी टाक, वाण म्हणून काहीही दे, पण प्रत्येक मजल्यावर स्वतः जाऊन बोलावून ये. फ्लॅटमधल्या बायका बोलत नाहीत असं सगळे म्हणतात. बोलतात गं, निमित्त लागतं. आणि एक सांगते ते ऐक: सासरे नाहीत म्हणून सासूबाईंना आतल्या खोलीत बसवू नकोस. तिळगूळ त्यांच्याच हातून वाटायचा. कोणी कुरकुर केली तर माझं नाव सांग.

कडक भाकरी करतात का गं त्या? कसब्यातल्या घरात करतच असणार. पातळ, पापडासारखी, महिना-महिना टिकणारी. नव्या घरी पहिल्या आठवड्यात त्यांना शंभरभर करू दे. ओटा तुझा आहे, पण ते दोन दिवस त्यांना दे. भाकरी थापल्याचा आवाज तीन मजले जातो. शेंगाचटणीबरोबर चार-चार भाकऱ्या प्रत्येक घरी पाठव, नातवाच्या हातून. मग बघ कोण कोण "आजी, आम्हाला शिकवा" म्हणत येतं.

दोन बेडरूम म्हणजे एक तुमची, एक मुलांची, आणि आजी हॉलमधल्या दिवाणावर, असं मनात असेल तर ते काढून टाक. दिवाणावरचा माणूस रोज सकाळी अंथरूण गुंडाळतो आणि रात्री टीव्ही बंद होईपर्यंत ताटकळतो. आजी मुलांच्या खोलीत, आणि खिडकीजवळची कॉट त्यांची. त्या खिडकीतून रस्ता दिसायला हवा. वाड्याच्या कट्ट्यावर बसून रहदारी बघायची सवय असते, ती लिफ्टनं तिसऱ्या मजल्यावर नेली की माणूस कोमेजतो. खाली वॉचमनच्या खोलीजवळ एक प्लॅस्टिकची खुर्ची कायमची ठेवून दे.

सोमवार ठरवा. दर सोमवारी सिद्धेश्वराचं दर्शन, आणि येताना वाड्यात तासभर. कोण नेणार तेही ठरवा, नाव घेऊन. "जमेल तसं" म्हणालात की ते जमत नाही, हे मी वर लिहिलंच.

आता घराबद्दल. मी गणित शिकवायचे, म्हणून थोडं गणित. तुमच्या घरात पाच माणसं. शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात. सोलापुरात आपण वर्षानुवर्षं चार-पाच दिवसांआडच्या पाण्यावर जगलोय, तेव्हा हिशेब पाच दिवसांचाच कर. पाच गुणिले १३५ गुणिले पाच, झाले ३,३७५ लिटर, एका घराचे. इमारतीत बारा फ्लॅट असतील तर साधारण चाळीस हजार लिटर साठवण हवी. बिल्डरला विचारू नकोस, तो "भरपूर आहे" म्हणेल. मिस्टरांना टेप घेऊन पाठव. जमिनीखालच्या हौदाची लांबी, रुंदी, खोली मीटरमध्ये मोजायची, तिन्ही आकडे गुणायचे, हजारानं गुणायचं, झाले लिटर. गच्चीवरच्या टाक्या त्यात मिळवायच्या. कमी पडत असेल तर बोअर आहे का, त्याचं पाणी किती जड आहे, हे विचार. जड पाण्यात डाळ शिजत नाही, हे तुला सांगायला नको.

डिसेंबरात सोलापुरातलं कुठलंही घर चांगलंच वाटतं. मे महिन्यात पारा ४३-४४ ला जातो तेव्हा खरं घर कळतं. पश्चिमेची भिंत कुठल्या खोलीला आहे ते आत्ताच बघ आणि सासूबाईंची कॉट तिथं लावू नकोस. वर अजून मजला आहे का तुमच्याच डोक्यावर गच्ची, हेही बघ. गच्ची असेल तर उन्हाळ्याच्या आधी पांढरा रंग मारून घ्या. आणखी एक, आपल्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते, पाया उथळ असेल तर इमारतीला हलवते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी वर गेलेली भेग दिसली तर रंगानं झाकून घेऊ नका, ताबा दिलेल्या माणसाला लेखी कळवा. प्लॅस्टरच्या केसासारख्या बारीक रेघांना घाबरायचं कारण नाही.

मुलांच्या शाळा एप्रिलपर्यंत हलवू नका. नंतर धाकट्याला जूनमध्ये जवळच्या शाळेत घाला. तिसरीतल्या पोराचे मित्र गल्लीतले असतात, त्याला गल्ली बदलली की शाळाही बदललेली बरी, नाहीतर संध्याकाळी तो कोणाबरोबर खेळणार? मुलीचं उलट. ती नववीत जाणार, तिच्या मैत्रिणी वर्गातल्या. तिला विचार. राहते म्हणाली तर दहावीपर्यंत राहू दे. सहा किलोमीटर ती सायकलनंही जाईल, फक्त सात रस्त्याची गर्दी एकदा तिच्याबरोबर जाऊन दाखव.

कागदपत्रांचं थोडक्यात: मतदार यादीसाठी नमुना ८, आधारचा पत्ता, फ्लॅटच्या वीजबिलावर आणि महापालिकेच्या कर आकारणीत तुमचं नाव. गॅस त्याच शहरात असल्यानं सिलिंडर-रेग्युलेटर जमा करावा लागत नाही, एजन्सी बदलण्याचा कागद तेवढा घ्यायचा. रेशनचं धान्य कुठल्याही दुकानातून उचलता येतं, तरी कार्डावरचा पत्ता बदलून घ्या. हे सगळं मिस्टरांकडं सोपव. सासूबाईंना फसवायचा बेत करायला वेळ आहे, तर याला असेलच.

सामान बांधायचं तू बघशीलच. सोलापुरात कपाटाला गुंडाळायला थर्माकोल विकत आणणारं माणूस मी अजून बघितलेलं नाही. घरात जुन्या चादरी निघतील तेवढ्यात अख्खा वाडा गुंडाळून होईल.

माझ्या सासूबाईंचं काय झालं, ते राहिलंच. समोरच्या प्लॉटवर बांधकाम निघालं आणि तिथं राखणीला एक जोडपं आलं, अक्कलकोटकडचं. ती बाई कानडी बोलायची. सासूबाईंचं माहेर तिकडचंच. पहिले काही दिवस दोघी कुंपणाच्या अल्याड-पल्याड उभ्या राहून बोलायच्या, मग विटांच्या ढिगावर बसून. एके दिवशी मी शाळेतून आले तर खुंटी रिकामी. पोटात गोळा आला, वाटलं, गेल्या परत. बघते तर कपाटाच्या कप्प्यात दोन्ही लुगडी, जपमाळ, डबी. त्या बाईबरोबर भाजीला गेल्या होत्या आणि भाजीला पिशवी लागते. दीड तासानं मेथीची जुडी घेऊन आल्या आणि मलाच रागावल्या, "इकडं मेथी केवढी महाग देतेत गं."

तेव्हा पिशवीची वाट बघ, घाई करू नकोस. पण खोटं बोलून नेऊ नकोस.

प्रश्न : काकू, मी शेळगीत भाड्यानं राहत होतो, आता बाळ्याला खोली घेतली आहे. जुने घरमालक डिपॉझिटचे पंचवीस हजार परत देत नाहीत. "रंग खराब झाला" म्हणतात. करार साध्या कागदावर आहे. मी काय करू?
— एक नोकरदार, बाळे

उत्तर : साध्या कागदावर सही केलीत तिथंच चुकलं, पण ती चूक मालकाचीही आहे, आणि जास्त त्यांचीच. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानं भाडेकरार लेखी करून नोंदवणं बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी कायद्यानं घरमालकावर टाकली आहे. हे त्यांना शांतपणे सांगा. आवाज न चढवता सांगितलं तर जास्त लागतं. पैसे दिल्याचा बँकेतला व्यवहार किंवा मोबाईलवरचा संदेश शोधून ठेवा, खोलीचे आजचे फोटो घ्या, आणि मुदत घालून स्पीड पोस्टानं पत्र पाठवा. खोलीत चार-पाच वर्षं राहिलात तर रंग उडणारच, तो भाड्यातच धरलेला असतो. भिंतीला तुम्ही भोक पाडलं असेल तर मात्र त्याचे पैसे सोडा.

नव्या खोलीचा करार नोंदवून घेतलात ना? पत्रात लिहिलं नाहीत. म्हणजे नसणार. आधी ते करा.

प्रश्न : अक्का, आम्ही पद्मशाली. साखर पेठेत दोन खोल्यांत भाड्यानं राहत होतो. आई विड्या वळते. कुंभारीला रे नगरमध्ये आईच्या नावावर घर मिळालं आणि आम्ही इकडं आलो. घर छान आहे. पण मी बी.कॉम.ला आहे, कॉलेजात पत्ता सांगायची लाज वाटते. मैत्रिणी म्हणतात, "गाव सोडलीस की गं." आई वेगळ्याच कारणानं रडते. पेठेत पाच-सहा बायका एका ओसरीवर बसून विड्या वळायच्या, गप्पा मारायच्या. इथं ती एकटी दार लावून बसते.
— एक विद्यार्थिनी, कुंभारी

उत्तर : आधी लाजेचं बोलू, कारण ते सोपं आहे. मी जुळे सोलापुरात आले तेव्हा रिक्षावाले यायला तयार नसत. पत्त्यात "विजापूर रोडच्या आत, हद्दवाढ भाग" असं लिहावं लागे, आणि शाळेतल्या बाई हसायच्या, "रानात राहायला गेल्या." आज तिथल्या फ्लॅटचे भाव ऐकून त्याच बाई गप्प होतात. तू पत्ता सांगताना पुढं एक वाक्य जोड, "आईच्या नावावरचं घर आहे." तुझ्या वर्गातल्या किती जणींना ते म्हणता येईल, मोज.

आणि तू राहतेस ती वस्ती साधीसुधी नाही. कुंभारीत विडी कामगारांसाठी आधी दहा हजार घरांचं गोदूताई परुळेकर घरकुल झालं, २००६ साली. ठाणे जिल्ह्यातल्या वारली आदिवासींसाठी झटलेल्या त्या गोदूताई. त्यानंतर आलेलं तुमचं रे नगर तीस हजार घरांचं, त्यातली पहिली पंधरा हजार जानेवारी २०२४ मध्ये लोकांच्या हाती आली. ही घरं कोणी दानात दिलेली नाहीत. तुझ्या आईसारख्या बायकांनी मोर्चात किती उन्हं खाल्ली, ते आईलाच विचार. मला वाटतं, तुला तिनं सांगितलेलं नाही.

आईचं दुखणं मोठं आहे. विडी वळणं हे एकटीचं काम नाही. मांडीवर सूप, हातात कात्री, पत्र्याच्या मापानं पानं कापायची, हजार विड्या होईपर्यंत दिवस सरतो, आणि तो दिवस बोलण्यानंच सरतो. दार लावून हजार विड्या म्हणजे शिक्षा. तिला म्हण, दार उघडं टाक आणि सूप घेऊन उंबऱ्यावर बस. शेजारच्या पंधरा हजार घरांत विड्या वळणाऱ्या बायका नाहीत असं कसं होईल? सगळ्याच दार लावून, आपण एकट्याच म्हणून बसल्या असणार. कोणी तरी पहिल्यांदा बाहेर बसायला हवं. पहिले दोन दिवस तू अभ्यासाचं पुस्तक घेऊन तिच्याशेजारी बस, तिला संकोच वाटणार नाही.

पेठ तोडू नका मात्र. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाच्या रथाला आईला घेऊन पेठेतच यायचं, आणि जुन्या ओसरीवर जेवूनच परतायचं. अक्कलकोट रोडवर एसटीला बायकांना अर्धं तिकीट आहे, २०२३ पासून. त्या पाच-सहा जणींना एकदा तुमच्याकडं बोलाव, पोळ्या करून. त्या येतील, घर बघतील, आणि मग पेठेत जाऊन कुंभारीचं जे वर्णन करतील ते तुझ्या मैत्रिणींच्या कानावर आपोआप जाईल.

प्रश्न : वाड्यातलं तुळशी वृंदावन दगडी आहे, फ्लॅटमध्ये नेता येत नाही. नुसतं रोप नेलं तर चालेल का? आणि नव्या घरात सगळ्यांत आधी काय न्यावं?
— एक गृहिणी, शुक्रवार पेठ

उत्तर : वृंदावन जागचं हलवू नका, मागं राहणाऱ्यांना ते लागेल. रोपही आत्ता उपटू नका, थंडीत तुळस आधीच रोडावलेली असते, मुळं हलली की मान टाकते. वाळलेल्या मंजिऱ्या कागदाच्या पुडीत घेऊन जा, थंडी ओसरली की तळहातावर चोळून बी कुंडीत टाका, वरून मातीचा अगदी हलका थर.

आधी काय न्यावं, याचं शास्त्र गुरुजी सांगतील, कलश, देव, मीठ वगैरे. माझा अनुभव विचाराल तर बादली, झाडू आणि बल्ब. देव मुहूर्तावर येतात, टेम्पो मात्र नेहमी दिवे लागणीनंतर पोचतो. बल्ब दोन घ्या.